पिकअप

आमच्या कोल्हापूरकडे कुणी नवी गाडी घेतली की लोक दोनच गोष्टी विचारतात. अ‍ॅव्हरेज किती देते, आणि पिकअप कसा आहे. अ‍ॅव्हरेज आकड्यात सांगता येतं. पिकअप कुणीच आकड्यात सांगत नाही. माणूस हाताचा पंजा पुढे सरकवून ‘अशी उचलते’ म्हणतो, नाहीतर करूळ घाटाचं नाव घेतो. पाच माणसं घेऊन तिसऱ्या गिअरवर चढली म्हटलं, की ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

आबांचं उद्यमनगरात गॅरेज आहे, ट्रकच्या डिझेल इंजिनांचं. शाळा सुटली की मी तिथंच असायचे. कोकणातून चिरे भरून घाट चढून आलेला ट्रक दारात उभा राहिला, की ड्रायव्हर खाली उतरता उतरताच तक्रार सांगायचा, “मिस्त्री, गाडी ओढंना झालीया.” आबा पान्याला हात लावायच्या आधी कान लावायचे. रेस द्यायला सांगायचे आणि टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, शिट्टी ऐकायचे. शिट्टी भरीव आली तर दोष दुसरीकडे, फाटकी आली तर पाइप कुठंतरी हवा सोडतोय, आणि शिट्टीत खरखर असली तर टर्बोचा दांडा गेला. मला त्या शिट्टीतले फरक मराठीच्या धड्यांच्या आधी कळायला लागले.

गॅरेजचा एक नियम होता. घाटातून तापून आलेली गाडी लगेच बंद करायची नाही. टर्बोचा दांडा तेलावर तरंगत फिरतो. इंजिन बंद झालं की तेलाचा प्रवाह थांबतो, दांडा मात्र अजून गरम असतो, आणि त्याच्याभोवती राहिलेलं तेल जळून कोळसा होतं. असं रोज झालं की टर्बो बसतो. त्यामुळे ड्रायव्हरला कितीही घाई असो, चहा येईपर्यंत इंजिन नुसतं चालू राहायचं. किल्लीला हात गेला की आबा म्हणायचे, “जरा दम खाऊ दे तिला.”

पुढे मी पुण्यात कमिन्स कॉलेजात शिकले आणि आता मिशिगनमध्ये पेट्रोल टर्बो इंजिनांच्या कॅलिब्रेशनचं काम करते. इंजिनाला कोणत्या क्षणी किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी किती अंश आधी टाकायची, टर्बोनं हवेवर किती दाब द्यायचा, हे सगळं संगणकात भरून ठेवायचं आणि मग उन्हाळ्यात, बर्फात, चढावर तपासत बसायचं, हे माझं काम. दिवसाचा बराच वेळ एकाच शत्रूवर जातो. त्याला गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात.

मागच्या जुलैत एका शनिवारी मिशिगनमधल्याच लॅन्सिंगला जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता, तिथं गेले. लॅन्सिंग हे ओल्ड्समोबीलचं घर. रॅन्सम ओल्ड्स यांनी १८९७ मध्ये इथं कंपनी काढली आणि शेवटची ओल्ड्समोबील गाडी २००४ च्या एप्रिलमध्ये इथंच तयार होऊन बाहेर पडली. मैदानात भल्यामोठ्या इंजिनांच्या चकचकीत गाड्यांभोवती गर्दी होती. कडेला एका झाडाखाली मधल्या आकाराची, साध्या दिसणारी एक गाडी उभी होती. बोनेट उघडं होतं. मी सहज आत डोकावले आणि तिथून हलले नाही.

व्ही आकाराच्या आठ सिलिंडरांच्या मधोमध, इंजिनाच्या डोक्यावर, टर्बो बसला होता. बाजूला हवेत पेट्रोल मिसळणारा एक छोटा कार्बोरेटर, एकाच नळीचा. आणि कडेला एक टाकी.

ती १९६२ ची ओल्ड्समोबील जेटफायर होती. कॉलेजच्या पुस्तकातल्या एका ओळीत तिचं नाव वाचलं होतं. प्रत्यक्ष कधी पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ओल्ड्समोबील आणि शेवरोले दोन्ही जनरल मोटर्सच्या. १९६२ च्या वसंतात जनरल मोटर्सनं टर्बो लावलेल्या दोन गाड्या बाजारात आणल्या, एक ही आणि दुसरी शेवरोलेची कॉरव्हेअर मोन्झा स्पायडर. सामान्य गिऱ्हाइकाला दुकानात जाऊन टर्बोची मोटार विकत घेता आली ती तेव्हापासून. बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो यायला अजून ११ वर्षं होती.

टर्बो स्वतः मात्र तेव्हाही नवा नव्हता. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. इंजिनातून धुरासोबत जी ऊर्जा फुकट जाते, तिनं एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवायचा आणि त्या पंख्यानं ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, एवढी साधी कल्पना. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येतं. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं एक इंजिन कोलोराडोतल्या पाइक्स पीकवर, १४ हजार फुटांवर नेऊन दाखवून दिलं, की विरळ हवेत धाप लागलेल्या इंजिनाला टर्बो त्याची ताकद परत देतो. दुसऱ्या महायुद्धातली बी-१७ सारखी विमानं याच जोरावर उंच उडत होती.

जमिनीवरची एक गोष्ट मला फार जवळची आहे. अमेरिकेतल्या १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० मोटारशर्यतीत कमिन्स या इंजिन कंपनीनं टर्बो लावलेलं डिझेल इंजिन उतरवलं. ट्रकवाल्यांचं इंजिन, आडवं झोपवून बसवलेलं. फ्रेड अगाबाशियन यांनी पात्रता फेरीत ते ताशी १३८ मैलांच्या सरासरीनं पळवलं आणि शर्यतीत सगळ्यांच्या पुढून सुरुवात करायची जागा मिळवली. प्रत्यक्ष शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर त्यांना बाहेर पडावं लागलं, कारण टर्बोचं हवा ओढणारं तोंड खाली होतं आणि रस्त्यावरच्या टायरच्या रबरानं ते चोंदलं. पुढे १० वर्षांनी, जेटफायर आली त्याच १९६२ साली, कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. त्यांची इंजिनं आबांच्या हाताखालून गेली, आणि त्याच नावाच्या कॉलेजात मी शिकले. झाडाखाली उभी असलेली ती गाडी मला परकी वाटली नाही, याचं कारण बहुधा हेच असावं.

आता त्या टाकीबद्दल सांगते, कारण जेटफायरचं मर्म तिच्यात आहे.

इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं की ते तापतं. नीट चाललं तर ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. पण दाब आणि उष्णता फार झाली तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. थोडं झालं तर कानाला त्रास, फार झालं तर पिस्टनला भोक. टर्बो आधीच हवा दाबून, तापवून आत पाठवतो, म्हणून टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला हा धोका सगळ्यात जास्त.

यातून सुटायची सोपी वाट म्हणजे इंजिनाचं स्वतःचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबायचं ते प्रमाण, कमी करणं. कॉरव्हेअरनं तेच केलं. ते ८ ला १ वर आणलं, आणि टर्बोचा दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून सायलेन्सरच्या बाजूनं धुराची वाट अरुंद ठेवली. कसलाही व्हॉल्व्ह नाही, मोडण्यासारखं काही नाही. १०२ अश्वशक्तीच्या इंजिनाचं १५० अश्वशक्तीचं झालं. शहाणपणाचा मार्ग, आणि तो टिकलाही. १९६५ मध्ये कॉरव्हेअर टर्बोवर १८० अश्वशक्तीपर्यंत गेली. पण कॉम्प्रेशन कमी केलं की टर्बो जागा होईपर्यंत इंजिन मरगळलेलं राहतं. सिग्नलवरून निघताना, गल्लीतून वळताना, म्हणजे माणूस दिवसभर ज्या वेगात गाडी चालवतो त्या वेगात, जीव कमी.

ओल्ड्समोबीलच्या इंजिनिअरांनी हे पत्करलं नाही. त्यांनी कॉम्प्रेशन १०.२५ ला १ ठेवलं. आजही हा आकडा धीट वाटतो. तेव्हा नॉकिंग ऐकायला सेन्सर नव्हता, ठिणगी क्षणाक्षणाला मागेपुढे करायला संगणक नव्हता. मग त्यांनी टाकी बसवली. तिच्यात निम्मं डिस्टिल्ड वॉटर, निम्मं मिथेनॉल आणि गंज लागू नये म्हणून थोडं औषध. कंपनीनं त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं झोकदार नाव दिलं. टर्बोचा दाब चढला की त्याच दाबानं हे पाणी हवेच्या वाटेत फवारलं जाई. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. माठातलं पाणी गार होतं तसंच. हवा निवते, नॉकिंग टळतं. मिथेनॉल स्वतः नॉकिंगला दाद देत नाही, शिवाय मिशिगनच्या हिवाळ्यात टाकीतलं पाणी गोठू देत नाही. युद्धातल्या विमानांमध्ये ही युक्ती वापरली जात होती. घरच्या मोटारीत ती आणणं ही मात्र हिंमतच.

गाडीचे आकडे सांगायचे तर २१५ घनइंचांचं, म्हणजे साडेतीन लिटरचं, पूर्ण अ‍ॅल्युमिनिअमचं इंजिन आणि २१५ अश्वशक्ती. एका घनइंचाला एक, असा मेळ जाहिरातीत शोभून दिसतो. पण मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा. हेच इंजिन टर्बोशिवाय, चार नळ्यांच्या कार्बोरेटरवर, १८५ अश्वशक्ती देई. म्हणजे टर्बोनं फक्त ३० वाढवली. टॉर्क मात्र २३० पाउंड-फुटांवरून ३०० वर गेला, तोही फक्त ५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ५ पाउंड, दाबात. अश्वशक्ती म्हणजे गाडी शेवटी किती वेग गाठेल. टॉर्क म्हणजे मागून ढकलणारा हात, आपल्या भाषेत पिकअप. शून्यापासून ताशी ६० मैल सुमारे साडेआठ सेकंदांत आणि जास्तीत जास्त वेग १०७ मैलांच्या आसपास. आज एखादी साधी कुटुंबाची गाडीही याच्या जवळ जाते, म्हणून हे वाचून कुणाचे डोळे विस्फारणार नाहीत. पण हे आकडे एका नळीच्या कार्बोरेटरवर, स्प्रिंगा आणि पातळ पडद्यांच्या भरवशावर मिळवलेले आहेत. दाब मर्यादेबाहेर गेला की वेस्टगेट उघडून जादा धूर टर्बोला वळसा घालून बाहेर काढायचा, ही आज बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत असलेली सोय या गाडीत होती.

आणि टाकी रिकामी झाली तर? याचा विचार त्यांनी किती मनापासून केला होता ते पाहून मला भरून आलं. टाकी रिकामी झाली की हवेच्या वाटेतली दुसरी झडप मिटे आणि टर्बोचा दाब चढूच देत नसे. इंजिनाला इजा नाही, गाडी बंद पडत नाही. ती हळू होते. घरी पोचवते. शेजारी तबकडीवर दिवा लागतो.

गाडीला ग्रहण लागलं ते इथंच. गाडीचे मालक आजोबा झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे असतील. त्यांनी सांगितलं, की लोक टाकी भरायचेच नाहीत. पेट्रोल भरायची सवय होती, तेल बघायची सवय होती, पण पाणी भरायचं कुणाच्या ध्यानात राहत नसे. मग गाडीचा जीव गेला म्हणून तक्रार. दुसरीकडे काही मालक इतकी हळू चालवायचे की टर्बो कधी नीट फिरायचाच नाही आणि त्याचा दांडा एका जागी धरून बसायचा. दुकानातल्या मिस्त्रींनाही हा प्रकार नवा होता. शेवटी १९६५ मध्ये कंपनीनं मालकांना गाडीवरचा टर्बो काढून साधा चार नळ्यांचा कार्बोरेटर फुकट लावून द्यायची सोय केली. १९६२ मध्ये ३,७६५ आणि १९६३ मध्ये ५,८४२ अशा एकूण ९,६०७ गाड्या बनल्या होत्या. त्यातल्या किती तरी अशा टर्बो गमावून बसल्या. टर्बोसकट उरलेली जेटफायर दिसणं आज दुर्मीळ आहे ते म्हणूनच.

आजोबा हे सांगत होते तेव्हा मला आबांचा आदल्या महिन्यातला फोन आठवत होता. २०२० च्या एप्रिलपासून आपल्याकडे गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले, आणि नव्या डिझेल ट्रकांना धूर स्वच्छ करण्यासाठी डेफची वेगळी टाकी आली. ड्रायव्हर तिला युरियाची टाकी म्हणतात. तिच्यातही मुख्यतः शुद्ध पाणीच असतं, साडेबत्तीस टक्के युरिया मिसळलेलं. ती संपली की इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केली जाते. आबा सांगत होते, ट्रक येतात, ड्रायव्हर त्याच जुन्या शब्दांत सांगतो, गाडी ओढंना झालीया. आबा कान लावतात. शिट्टी ठणठणीत. मग बघतात तर टाकी कोरडी. “बायो, गाडी आजारी न्हाई, तहानलीया,” असं ते म्हणाले होते. जेटफायर बनणं बंद होऊन ६० वर्षं उलटून गेली आणि कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये तीच तक्रार रोज येते.

मला वाटतं, जेटफायर फसली असं म्हणणं बरोबर नाही. तिला आपल्या माणसाकडून एका सवयीची अपेक्षा होती आणि ती सवय लावायला तिला वेळ मिळाला नाही. त्या काळच्या अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होतं. १९६४ मध्ये पॉन्टिअ‍ॅकनं जीटीओ आणली, ३८९ घनइंचांचं इंजिन आणि ३२५ अश्वशक्ती. टाकी नाही, शिट्टी नाही. ताकद हवी असेल तर इंजिन मोठं करा, हे उत्तर इतकं सोपं होतं की बाकी सगळी उत्तरं पुढची दहा-पंधरा वर्षं कपाटात गेली. जेटफायरचं हलकं इंजिनही कंपनीनं सोडून दिलं. त्याच्या ब्यूकवाल्या भावंडाचे हक्क ब्रिटनच्या रोव्हरनं १९६५ मध्ये घेतले आणि ते रेंज रोव्हरमध्ये कित्येक दशकं धावलं. १९६६ मध्ये जॅक ब्रॅबहम फॉर्म्युला वनचे विजेते झाले, त्या गाडीचं रेप्को इंजिन याच ओल्ड्समोबीलच्या ब्लॉकवर बांधलेलं होतं. एवढ्या गुणी इंजिनाला त्याच्या घरात जागा उरली नाही, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या टेबलावर आज जे इंजिन आहे, त्याचं कॉम्प्रेशन १० च्या आसपास आहे. त्यालाही टर्बो आहे. पाण्याच्या जागी पेट्रोलच थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि वाफ होता होता हवा निववतं. ब्लॉकला एक सेन्सर लावलेला असतो, तो आबांसारखा कान लावून बसतो; नॉकिंगची चाहूल लागली की संगणक ठिणगी दोन अंश मागे घेतो. मालकाला काहीच कळत नाही, काहीच करावं लागत नाही. २०१६ मध्ये बीएमडब्ल्यूनं एम४ जीटीएसमध्ये पाणी फवारण्याची युक्ती परत आणली, डिकीत ५ लिटरची टाकी ठेवून. ती बातमी वाचली तेव्हा ऑफिसात सगळे नवीन म्हणून कौतुक करत होते. मी तेव्हा जेटफायर पाहिलेली नव्हती. आज तीच बातमी वाचली तर सगळ्यांना ओढत त्या झाडाखाली नेईन.

मी काय काम करते ते ऐकून आजोबा उठले. बोनेट लावलं आणि म्हणाले, चल, बसून बघ.

खांब नसलेल्या खिडक्या, दोन स्वतंत्र सीटा, चार गिअर. मधल्या पट्टीवर दाबाची छोटी तबकडी. गावातून निघालो तेव्हा गाडी शांत होती, समजूतदार होती. सिग्नलवरून विनातक्रार निघायची. १०.२५ चा आग्रह कशासाठी होता ते तिथंच कळलं. टर्बो झोपलेला असतानाही इंजिन पूर्ण जागं होतं. मग महामार्गाच्या चढावर आजोबांनी मला स्टिअरिंग दिलं आणि सांगितलं, दर फेरीला एकदा तरी तिला पूर्ण पळवायची, म्हणजे दांडा धरत नाही.

मी तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळाला नेला. एक श्वासभर काहीच झालं नाही. मग काटा हलला आणि पाठीला हात लागला. झटका नव्हता, कुणीतरी मोठ्या माणसानं सावकाश, पण न थांबता पुढे ढकलावं तसा जोर होता, आणि तो वाढतच गेला. आवाज फारसा वाढला नाही. आधुनिक गाडीत हा क्षण मी हजार वेळा मोजला आहे, आलेखावर पाहिला आहे. इथं आलेख नव्हता. समोर एक काटा होता आणि पुढे कुठेतरी थेंब थेंब पाणी वाफ होत होतं. मी कान टवकारून नॉकिंगची वाट पाहत राहिले, सवयच ती. नॉकिंग आलं नाही. आली ती शिट्टी. बारीक, भरीव, कुठंही न फाटलेली.

परत येताना चौथ्या गिअरवर, खिडक्या खाली करून आलो. मैदानात झाडाखाली गाडी उभी केली आणि मी किल्लीकडे हात नेला. आजोबांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. काही बोलले नाहीत. मी हात मागे घेतला. इंजिन नुसतं चालू होतं, गुरगुरत, सावलीत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मीही बसले.